पोईच्या भांड्याचं झाकण

रविवार, ७ जुलै. दुपार

कवेना शनिवारी येते आहे. चार वर्षांनी. सोबत ब्रेंट, म्हणजे आमचा जावई, ज्याला मी फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं आहे. आणि हालिया, माझी नात, जिला अजून मांडीवर घेतलेलं नाही. वीस तारखेला हालिया एक वर्षाची होईल. आमच्या मोलोकाई बेटावर पहिला वाढदिवस म्हणजे गावजेवण. ते आपल्याच अंगणात होणार, ती राहतात त्या नेब्रास्कात नाही.

प्रार्थना संपल्यावर चर्चमध्ये एकटाच बसून राहिलो आणि ठरवलं. मुलगी आणि जावई दहा दिवस खरं हवाईयन अन्न खातील. पोई, अळूच्या पानात बांधलेलं मांस, नीरफणस, मीठ आणि समुद्रशेवाळ लावलेला कच्चा मासा. खरं अन्न पोटात गेलं की माणूस त्या जमिनीचा होतो. दहा दिवसांनी ती दोघं परत जाणार नाहीत.

हे कुणाला सांगितलेलं नाही. देवाला सांगितलं आहे. त्याने नाही म्हटलेलं नाही.

ब्रेंटने मागे फोनवर विचारलं होतं, "सर, तुमच्याकडे अननस कशाकशावर घालतात?" मी म्हणालो, कशावरही नाही. अननस इथे कंपन्यांनी लावला, आमच्या आजोबांनी नाही. तो खूप हसला. मेनलँडच्या, म्हणजे समुद्रापलीकडच्या मुख्य अमेरिकेतल्या लोकांना खरं सांगितलं की विनोद वाटतो.

आजपासून घरात तांदूळ बंद. मॅकरोनी बंद. डब्यातलं मांस बंद.

संध्याकाळ: उद्यापासून. कपाटात तीन डबे निघाले. अन्न टाकणं पाप आहे.

मंगळवार, ९ जुलै

पणजोबांनी कोरलेलं लाकडी भांडं माळ्यावरून काढलं, धुतलं, तेल लावलं. झाकणही शाबूत आहे.

पोई म्हणजे अळूचे कंद शिजवून, कुटून, पाण्यात सैल केलेलं आमचं रोजचं अन्न. अळू हा आमचा थोरला भाऊ, आपण माणसं त्याच्या पाठची, असं वडील सांगत. म्हणून पोईचं भांडं उघडं असलं की थोरला भाऊ समोर बसला आहे असं समजायचं. त्याच्यादेखत भांडायचं नाही, वाईट बातमी सांगायची नाही, कुणाला दुखवायचं नाही. हे बायबलमध्ये नाही, पण वडिलांच्या तोंडात होतं. मी दोघांचंही ऐकतो.

आमच्या खाचरात यंदा अळू नाही. गेल्या वर्षीही नव्हतं. गुडघ्यामुळे. गवत मात्र उत्तम आलं आहे, म्हणजे जमिनीत कस आहे. यंदापुरती पोई दुकानातून पिशवीत आणीन आणि भांड्यात ओतीन. भांडं खरं असलं की झालं.

हॅटी, माझी बायको, घर आवरते आहे. तिचं अर्धं कपाट तिने रिकामं केलं. कवेनासाठी जागा करते आहे हे उघड आहे. दुपारी मला धुण्याच्या मशीनपाशी नेऊन उभं केलं. "पांढरे वेगळे, रंगीत वेगळे. हे बटण आधी. ऐकतोयस का, एनोका?" मी म्हणालो, सव्वीस वर्षं तू धुते आहेस, आता मला कशाला? म्हणाली, "असंच."

बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. मीठ. साखर. कॉफी. मीठ कुठलं ते आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. ब्रेंटसाठी असतील.

गुरुवार, ११ जुलै

वाढदिवसाला डुक्कर जमिनीतल्या भट्टीत शिजवायचं. खड्डा खणला, खणण्याआधी प्रार्थना केली. आता दगड.

वडिलांचे भट्टीचे दगड कापेका आंटीकडे असतात. ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय एक्क्याऐंशी, जीभ तरुण. दगड मागितले तर म्हणाली, "ते दमले रे. चाळीस वर्षं तापून तापून तडकलेत. त्यांना झोपू दे. डोंगरावरच्या जुन्या जागेवरून नवे आण, भोकाभोकाचे, हलके. ओढ्यातले आणशील तर बघ. त्यांच्या पोटात पाणी असतं." मग म्हणाली, "आणि तू कधीपासून भट्टीवाला झालास? तुझा बाप भट्टी लावायचा तेव्हा तू सावलीत बसून डब्यातलं मांस खायचास."

मी टोपी घालून निघालो. वडीलधारी आहे.

डोंगरावर जायला दोन तास लागतात. ओढा घराच्या मागे आहे. दगड सुंदर मिळाले, गोल, गुळगुळीत. उन्हात मांडून ठेवले आहेत. आठ दिवसांत ऊन आतपर्यंत पोचेल. आंटीच्या काळी ऊन एवढं नव्हतं.

कुत्रा आला, दगड हुंगले, आणि लांब जाऊन पाठ करून बसला. उष्मा आहे.

शनिवार, १३ जुलै

आले. हालिया माझ्याकडे लगेच आली. माझ्या वडिलांचे कान आहेत तिला. हॅटी रडली. मी सामान उचलण्यात गुंतलो होतो.

जेवायला बसलो. कवेनाने हॅटीकडे पाहिलं, हॅटीने खाली पाहिलं. मग कवेना म्हणाली, "डॅडी, आम्हाला तुझ्याशी जरा बोलायचंय."

तिचा आवाज कसा होता ते नीट लिहिता येत नाही. डॉक्टर दार लावून घेतात तेव्हा असतो तसा.

मी भांड्यावरचं झाकण काढलं.

कवेनाने तोंड मिटलं. मुलगी शिस्त विसरलेली नाही, हे पाहून बरं वाटलं.

ब्रेंटने पोई बोटावर घेतली, बराच वेळ तोंडात ठेवली. "सर, ही फार वेगळी आहे. शाळेत कागद चिकटवायला..." तिथे कवेनाने त्याला टेबलाखालून लाथ मारली. त्याच्या गावात हवाईयन बाउल मिळतो म्हणे. त्यात मासा, आंबा, मक्याचे दाणे आणि वरून अंड्याचा गोड सॉस. मी त्याच्यासाठी मनातल्या मनात प्रार्थना केली.

हालियाने दोन्ही हातांनी पोई खाल्ली. केसांतसुद्धा. ती इथलीच आहे.

रविवार, १४ जुलै

त्यांना काय बोलायचं आहे ते मला कळलं. त्यांना इथेच राहायचं आहे आणि सांगायला लाजताहेत.

चांगली बातमी असती तर भांडं उघडं असतानाही सांगता आली असती, असा एक विचार प्रवचनाच्या मध्यावर आला. तो विचार रिकाम्या पोटामुळे आला असणार.

तरी घाई नको. वाढदिवस होऊ दे. तोवर भांडं उघडं राहिलेलं बरं. झाकण घरात असलं की कुणीतरी सवयीने ठेवणार, म्हणून ते चर्चमध्ये माझ्या बाकाखाली नेऊन ठेवलं. हे लपवणं नाही. जपणं आहे. गुडघे टेकले की टाचेला लागतं.

मंगळवार, १६ जुलै

पोई चौथ्या दिवशी आंबट होते, आणि तीच खरी. आमच्या आज्यांना आंबटच आवडायची. मला स्वतःला ताजी बरी वाटते, पण तो मुद्दा नाही.

घरात भांडण नाही. कुणी कुणाला टाकून बोलत नाही. ब्रेंटला डास चावून तोंड सुजलं आहे, तो हसतो. हॅटीच्या हातून बशी फुटली, मी हसलो. कवेना हसते. सगळे हसत हळूहळू बोलतात, जसं आतल्या खोलीत कुणी आजारी आहे. इतकी शांतता या घरात मी ऐकली नव्हती. देवाची कृपा.

दुपारी हॅटी आणि कवेना अंगणात आंब्याखाली बसून बोलत होत्या. मी पोईचं भांडं उचलून त्यांच्यामध्ये नेऊन ठेवलं. त्या उठून गाडीत जाऊन बसल्या. मी भांडं मागच्या सीटवर ठेवलं. हॅटीने माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. म्हणाली, "दमत नाहीस का रे?" मी म्हणालो, जड नाही फार.

कवेनाने भात, तळलेलं डब्यातलं मांस आणि वर अंडं मागितलं. "लहानपणी शाळेच्या आधी करून द्यायचास ते, डॅडी." मी समजावलं की ते आपलं नाही, ते फौजेबरोबर आलं, तांदूळ मळ्यांवरच्या मजुरांबरोबर आला. ती म्हणाली, "मला तर घर म्हटलं की त्याचाच वास येतो." पुढे काही बोलणार होती. भांड्याकडे पाहून गप्प बसली.

पाच वाजता: शेडमागे जाऊन एक डबा तळला. भाताबरोबर. अन्न टाकणं पाप आहे. ब्रेंट शोधत आला. शेजारी उकिडवा बसला. अर्धं दिलं. "सर, हे अप्रतिम आहे! काय आहे हे?" मी म्हणालो, औषध.

बुधवार, १७ जुलै

पलंगाखाली चप्पल शोधत होतो. तिथे राखाडी बॅग आहे. भरलेली. वरच हॅटीच्या मापाचा कोट आहे, जाड, आतून लोकरीचा. मोलोकाईत असा कोट घालण्याजोगा दिवस माझ्या जन्मात आलेला नाही.

कवेनाने आणला असणार. आता ती इथेच राहणार म्हटल्यावर कुणाला लागणार नाही, म्हणून टाकून देण्यासाठी बांधून ठेवला असणार. पण लेबल अजून तसंच आहे. नवा कोट टाकून देणं हॅटीच्या स्वभावात नाही.

विचारणार होतो. भांडं उघडं होतं.

शुक्रवार, १९ जुलै

सगळी तयारी झाली. डुक्कर आलं. अळूची पानं शेजाऱ्याच्या खाचरातून आणली. केळीची पानं, ओली गोणपाटं, लाकडं. चाळीस माणसं.

ब्रेंटने स्वयंपाकघरात एक ॲल्युमिनियमचा मोठा ट्रे भरला. हॅम, वर डब्यातल्या अननसाच्या चकत्या, प्रत्येक चकतीच्या भोकात एक लाल चेरी. त्याच्या आईच्या चर्चच्या पुस्तकात याला हवाईयन हॅम म्हणतात. मी त्याला शांतपणे सगळं सांगितलं, अळूपासून अननसापर्यंत, साधारण पाऊण तास. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हो सर. पण आईला यायला जमलं नाही ना. तिच्याकडून नातीला म्हणून आहे." ठेवू दिलं. टेबलाच्या टोकाला, कागदी रुमालांच्या मागे.

कापेका आंटी खड्डा पाहायला आली. दगड मी गोणपाटाखाली झाकले होते. ती काठी टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "घरात कुणी काही गिळून बसलं असेल ना, तर भट्टी शिजवत नाही. आज सगळं बोलून टाका, मग उद्या काडी लावा." मी म्हणालो, आमच्याकडे सगळं छान आहे. ती म्हणाली, "छानच दिसतंय. मयतासारखं."

इथे पाऊस नाही, पण ओढा सकाळपासून गढूळ वाहतो आहे. वर डोंगरात पडला असेल.

शनिवार, २० जुलै. पहाटे साडेचार

प्रार्थना करून काडी लावली. पहिल्या काडीत पेटली. शुभ आहे.

सव्वासहा: एक दगड फुटला. बंदुकीसारखा. एखादा फुटायचाच.

पावणेसात: चार फुटले. पाचव्याचा तुकडा दोरीवरच्या चादरीतून आरपार गेला. चादरीत बशीएवढं भोक पडलं आहे आणि त्यातून समुद्र दिसतो. त्याआधी मिनिटभर हॅटी तिथे कपडे वाळत घालत होती. कुत्रा सकाळपासून दिसत नाही.

आंटीने जमिनीवरून एक तुकडा उचलला. "ओढ्यातले?" मी म्हणालो, डोंगरावरचे. तिने तुकडा माझ्या हातात ठेवला. आतून ओला होता. हालियाला उचलून घराच्या पलीकडच्या बाजूला निघून गेली. जिची जीभ एवढी चालते तिचं न बोलणं मला आवडलं नाही.

साडेसात: उरलेले दगड फुटायच्या आत डुक्कर आणि पानांचे पुडे ठेवून भट्टी बंद केली. दगड पांढरे होईपर्यंत थांबायचं असतं. करडे झाले होते. करडा आणि पांढरा यांत फार फरक नाही.

दुपारी चार: उघडली. वाफ कमी आली, पण वास होता. डुक्कर बाहेरून तपकिरी, आतून गुलाबी. अळूची पानं काळपट, लोण्यासारखी मऊ व्हायला हवीत. हिरवी होती. लोक एकमेकांकडे पाहू लागले. मी मोठ्याने सांगितलं की जुनी पद्धत अशीच होती, आणि सगळ्यांच्या आधी एक अख्खा पुडा खाल्ला. चर्चचा कारभारी मीच, आणि कारभारी खातो म्हटल्यावर सगळ्यांनी खाल्लं.

संध्याकाळ

कच्चं अळू घशाला खाजतं हे आमच्याकडे दोन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. खाजणं हा शब्द पुरा पडत नाही. घशात मूठभर सुया. आधी एक खोकला, मग दहा, मग चाळीस. मग एकदम शांत. आवाजच कुणाचा फुटेना. पाद्रीबाबा आभाराची प्रार्थना करायला उठले, ओठ हलले, दार करकरावं तसा आवाज आला, ते बसले. चाळीस माणसं गळा धरून एकमेकांकडे पाहत बसलेली, आणि मध्ये हालिया, जिने फक्त पोई खाल्ली होती, एकटी खदाखदा हसत होती.

डुकराला कुणी हात लावला नाही. आंटीने घरून भात आणला. ब्रेंटने तो ट्रे कागदी रुमालांमागून काढून मध्यावर ठेवला. अननस घशाला झोंबत होता, लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी खात होते. तळाचा रसही भातावर घेतला. आंटीने चेऱ्या वेचून खाल्ल्या.

मग कवेना माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तोंड उघडलं. शब्द आला नाही. मला वाटलं, देवाने ऐकलं. आता ती बोलूच शकत नाही.

तेव्हा हॅटी उठली. रिकामा ट्रे तिने नळाखाली धुतला, एप्रनला पुसला, आणि पोईच्या भांड्यावर उपडा घातला. बरोबर बसला. मग घरात गेली, राखाडी बॅग घेऊन आली, माझ्या खुर्चीशेजारी ठेवली आणि तिच्यावर बसली. माझा हात हातात घेतला.

आम्ही तसेच बसलो होतो. लोक निरोप न घेता गेले. घेता येत नव्हता.

रविवार, २१ जुलै

चर्चला गेलो नाही. पहिल्यांदा.

आवाज दुपारी आला. हॅटी त्यांच्याबरोबर नेब्रास्काला जाते आहे. कवेना आणि ब्रेंट दोघंही कामाला जातात, हालियाला घरचं माणूस हवं. एक वर्ष, असं हॅटी म्हणाली. कवेना म्हणाली, "निदान."

मार्चमध्येच ठरलं होतं. आंटीला ठाऊक होतं. पाद्रीबाबांना ठाऊक होतं. हॅटीने विचारलं, "तुलाही ठाऊक होतं ना, एनोका?" मी म्हणालो, नाही.

ती म्हणाली, "तुझ्याशी बोलायचं तर मला भांडं झाकावं लागतं. सव्वीस वर्षांत मी एकदाच झाकलं. तेसुद्धा हॅमच्या ट्रेने." तिला हसू आलं. मग नाही आलं.

कवेना म्हणाली, "तूही चल, डॅडी." मी म्हणालो, अळूच्या खाचराकडे कोण बघेल? तिघंही खिडकीतून खाचराकडे पाहू लागली. गवत वाऱ्यावर चांगलं डोलत होतं.

मंगळवार, २३ जुलै

विमान छोटं, नऊ माणसांचं. प्रत्येकाला वजनकाट्यावर उभं करतात. हॅटी कोट हातावर घेऊन उभी राहिली. उन्हात.

ब्रेंटने हात हातात घेतला. "सर, त्या औषधाची कृती लिहून द्याल का?" दिली. तीन ओळींची आहे.

हालिया माझ्या कडेवरून उतरेना. पोईच्या लोभाने असेल.

उद्यापासून खाचरातलं गवत काढणार. सगळं. वर्षभरात अळू उभं करणार. ती परत येईल तेव्हा घरची पोई.

रविवार, ११ ऑगस्ट

गवत काढायला सोमवारी सुरुवात करणार होतो. गुडघा. सगळे सदरे गुलाबी झाले आहेत. त्यातला एक घालून चर्चला गेलो. आंटी म्हणाली, "शोभतोय. अननसाखालच्या हॅमसारखा." झाकण बाकाखाली आहे. आणलं नाही. घरी ट्रे बसतो.

मीठ, साखर, कॉफी. चिठ्ठ्या रोज वाचतो. अक्षर चांगलं आहे तिचं.

चर्चमधून आल्यावर फोन वाजला. उचलण्याआधी धावत जाऊन भांड्यावरचा ट्रे काढला.

हॅटी म्हणाली, हालिया चार पावलं चालली. तिकडे फार उकडतं, कोट कपाटात आहे. ब्रेंट दर रविवारी भात, तळलेलं डब्यातलं मांस आणि अंडं करतो, शेजारचे जेवायला येतात, तो त्यांना हे खरं हवाईयन जेवण म्हणून वाढतो आणि पाऊण तास भाषण देतो.

मग ती थांबली. पुन्हा तो आवाज, दार लावून घेणाऱ्या डॉक्टरांचा. "एनोका, आम्ही इथे जरा बोललो. भांडं उघडं आहे का रे?"

मी म्हणालो, आहे.

मागे हालियाचा आवाज येत होता. "बरं," म्हणाली. "मग पुढच्या रविवारी."

फोन ठेवला. पोई गुरुवारीच संपली होती. भांड्याचा तळ दिसत होता, पणजोबांच्या पटाशीच्या खुणा दिसत होत्या. रिकाम्या भांड्याला तो नियम लागू होतो का, हे वडिलांना विचारायचं राहून गेलं.